‘ग्रानाडा टिकले असते तर’ : साल चुकले की सगळेच चुकते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ‘स्पेनमधली मुस्लिम सत्ता टिकली असती तर’ या कल्पनेवर पानभर लेख आला आणि विद्यार्थ्यांनीही याच धर्तीवर लिहून पाठवावे असे आवाहन केले गेले. जर-तरचा इतिहास म्हटला की आपली गाडी पानिपताच्या पुढे सरकत नाही, त्यामुळे हा विषय निवडल्याचा मनापासून आनंद झाला. खेड्यापाड्यातल्या शाळांतली मुले आता नकाशात कॉर्डोबा आणि ग्रानाडा शोधतील. म्हणूनच त्यांनी लिहायला घेण्याआधी लेखातल्या काही गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात, आणि जर-तर नेमका मांडायचा कसा हेही कुणीतरी सांगायला हवे.

लेखाचा सगळा डोलारा एकाच घटनेवर उभा आहे. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडा या स्पेनमधल्या शेवटच्या मुस्लिम राज्याचा सुलतान अबू अब्दुल्लाह, म्हणजे स्पॅनिश लोकांचा बोआब्दिल, याने शहराच्या किल्ल्या ख्रिस्ती राजांच्या हाती दिल्या नसत्या तर सत्ता टिकली असती, कोलंबस निघालाच नसता, अमेरिका सापडली नसती आणि आपल्या ताटात मिरची नसती, असे लेखक म्हणतात. या साखळीची एकही कडी ओढ सहन करत नाही.

किल्ल्या द्यायची वेळ आली तेव्हा राज्य उरलेच नव्हते. १४८२ मध्ये अल्हामा गेले, १४८५ मध्ये रोंडा, १४८७ मध्ये मालागा, १४८९ मध्ये बाझा आणि त्यापाठोपाठ अल्मेरिया. यात मालागाचा घाव सगळ्यांत खोल. रेशीम, अंजीर, बदाम जेनोवाच्या व्यापाऱ्यांमार्फत याच बंदरातून बाहेर जात आणि धान्य आत येई. डोंगराळ ग्रानाडाला आपल्या पिकावर वर्ष काढता येत नव्हते. बंदर गेले तेव्हा पैसाही आटला आणि दाणाही. १४९१ मध्ये वेढा घालणाऱ्यांची छावणी जळाली, तर त्यांनी त्याच जागी सांता फे नावाचे पक्क्या बांधणीचे गाव वसवले. शत्रू तंबू मोडून दगड-विटांचे घर बांधू लागला म्हणजे तो परत जाणार नाही, हे शहरातल्यांना कळून चुकले. तह २५ नोव्हेंबर १४९१ रोजीच झाला होता. बोआब्दिलने नकार दिला असता तर लोक आणखी काही महिने उपाशी राहिले असते, इतकाच फरक पडला असता.

साल कोणते धरायचे हे ठरवण्याआधी ग्रानाडा अडीचशे वर्षे का टिकले ते पाहावे लागते. १२१२ च्या लास नावास दे तोलोसाच्या लढाईनंतर अल्मोहाद या मोरोक्कोच्या मुस्लिम घराण्याची सत्ता ढासळली आणि १२३६ ला कॉर्डोबा, १२३८ ला व्हॅलेन्सिया, १२४८ ला सेव्हिल अशी मोठी शहरे एकामागून एक पडली. उरले ते सिएरा नेवाडाच्या आडोशाचे नासरी घराण्याचे राज्य. डोंगरी किल्ल्यांचा त्याला आधार होता. १२४६ च्या हाएनच्या तहापासून ते कास्तील या शेजारच्या ख्रिस्ती राज्याला सोन्याच्या रूपात खंडणी देत आले. चौथाईचा व्यवहार ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. खंडणी मिळते तोवर जिंकण्याचा खर्च कोण करील? त्यात कास्तीलचे सरदार आपसांत भांडत राहिले, आणि अडीअडचणीला समुद्रापलीकडून मोरोक्कोचे मरीनी सैन्य येई.

यातला एकेक आधार कधी निखळला ते पाहिले की साल आपोआप हाती लागते. १३४० मध्ये सालादो नदीवर मरीनी सैन्याचा पराभव झाला आणि १३४४ ला अल्हेसिरास गेले. मोरोक्कोहून मोठी फौज येणे तेव्हापासून बंद झाले. १४६२ मध्ये जिब्राल्टर गेले. १४६९ मध्ये कास्तीलची इसाबेला आणि आरागॉन या दुसऱ्या ख्रिस्ती राज्याचा फर्डिनांड यांचे लग्न झाले. आणि १४८० नंतर जड तोफा बैलगाड्यांवरून डोंगरात चढवल्या गेल्या, तेव्हा शिड्या आणि उपासमार यांच्याविरुद्ध बांधलेल्या उंच पण पातळ भिंती काही दिवसांत कोसळू लागल्या. या तोफांसाठी आधी रस्ते खोदावे लागत; ते काम करणाऱ्या मजुरांच्या टोळ्या सैन्याच्या पुढे चालत. दरवर्षी उन्हाळ्यात उभी पिके जाळणे आणि फळझाडे तोडणे चालू होते ते वेगळेच.

म्हणून पेन टेकवायचेच तर १४७६ वर टेकवावे. कास्तीलच्या गादीसाठी इसाबेला आणि तिची भाची हुआना यांच्यात युद्ध चालले होते आणि हुआनाच्या बाजूने तिचा पती, पोर्तुगालचा राजा पाचवा अफोन्सो, उतरला होता. १ मार्च १४७६ ची तोरोची लढाई रणांगणावर धड कुणीच जिंकली नाही, फायदा मात्र इसाबेलाने उचलला. इथे पारडे फिरवायला चमत्कार लागत नाही. हुआना जिंकती तर कास्तील पोर्तुगालशी जोडले जाते, आरागॉन वेगळे राहते, आणि नव्या जोडराज्याचे लक्ष आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सोन्याकडे वळते. ग्रानाडा खंडणी भरत जगते. किती? एखादी पिढी नक्की, कदाचित दोन. तेवढ्यात ऑटोमन तुर्कांचे आरमार पश्चिम भूमध्यसागरात मुरते आणि सोळाव्या शतकात त्यांनी अल्जीयर्सला जसा आधार दिला तसा मालागाला देणे शक्य होते. प्रत्यक्षात ग्रानाडाने इस्तंबूल आणि कैरो या दोन्ही दरबारांकडे मदत मागितली होती. पण १४८५ ते १४९१ हे दोन दरबार एकमेकांशीच लढत होते. ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायझिदने १४८७ मध्ये कमाल रईस या दर्यावर्दीला काही जहाजे देऊन पाठवले, ती किनाऱ्यावर छापे घालण्यापुरतीच होती.

विद्यार्थ्यांनी इथे एक पथ्य पाळावे. बदल एकच करावा आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे बाकी सगळे होते तसेच चालू द्यावे. पाऊस तोच, वारे तेच, कर्जे तीच. एकदम १९०० सालावर उडी मारून ‘युरोपात सर्वत्र मशिदी असत्या’ किंवा ‘विज्ञान पाचशे वर्षे आधी आले असते’ असे लिहिले की तो जर-तर राहत नाही, इच्छा होते. दर टप्प्यावर दोन प्रश्न विचारावेत: सैन्याला पगार कोण देतो, आणि शहराला दाणा कुठून येतो. उत्तर सापडत नसेल तर तो टप्पा खोडावा.

आता मिरची. कोलंबसाची योजना पोर्तुगालने १४८५ च्या सुमारास नाकारली ती गणितामुळे. नवव्या शतकातल्या अल-फर्गानीने पृथ्वीच्या एका अंशाची लांबी सुमारे ५६ पूर्णांक दोन-तृतीयांश मैल दिली होती. तो अरबी मैल होता; कोलंबसाने तो आखूड इटालियन मैल धरला आणि वर आशिया खंड पूर्वेकडे हवा तितका ताणला. त्यामुळे कॅनरी बेटांपासून जपान त्याला सुमारे २,४०० सागरी मैलांवर दिसले. खरे अंतर त्याच्या चौपटीहून जास्त आहे. पोर्तुगिजांचे जाणकार बरोबर होते. पण त्याच पोर्तुगिजांना आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालण्यासाठी अटलांटिकच्या वाऱ्यांप्रमाणे आधी दूर नैर्ऋत्येला जावे लागे, आणि असाच वळसा घेताना २२ एप्रिल १५०० रोजी काब्रालच्या ताफ्याला ब्राझीलचा किनारा दिसला. ग्रानाडा असो वा नसो, हिंदुस्थानकडे निघालेले एखादे जहाज तिथे पोचणारच होते. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि मिरची त्यांच्याच जहाजांतून आपल्याकडे आली. तेव्हा भिवापुरी मिरची दहा-वीस वर्षे मागेपुढे का होईना, आलीच असती. आज वऱ्हाडात उभी असलेली बहुतेक पऱ्हाटीही, म्हणजे कापूसही, मूळ अमेरिकन जातीची आहे. तिचाही मार्ग बंद झाला नसता.

उलट दिशेची वाहतूक लेखात आलीच नाही, आणि शेतकरी वाचकाला ती जास्त जवळची. धान, ऊस, कापूस, वांगे, लिंबू, आंबट संत्रे ही पिके पूर्वेकडून, बरीचशी हिंदुस्थानातून, इराण आणि इजिप्तमार्गे अल-अंदलूसला, म्हणजे मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनला, पोचली. बियाणे नेणे सोपे होते. कठीण होते ते पाणी. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि ही पिके उन्हाळ्यात पाणी मागतात. पावसाळी पिके कोरड्या उन्हाळ्यात उभी करायची म्हणजे नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटावर पाळी बसवावी लागते. सेव्हिलचा इब्न अल-अव्वाम आणि टोलेडोचा इब्न बस्साल यांनी शेतीवर लिहिले ते या कामातूनच. विहिरीवरच्या रहाटाचेच पाहा. जनावर आडवे चाक फिरवते, त्याचे दाते उभ्या चाकाला फिरवतात आणि त्यावरच्या दोराला मडक्यांची माळ असते. मडक्याच्या बुडाला बारीक भोक ठेवत. मडके पाण्यात शिरताना आतली हवा त्यातून निघून जाते, आणि जनावर थांबले तर मडकी हळूहळू रिकामी होऊन भरल्या माळेचे वजन चाकावर लटकत राहत नाही. भोक मोठे झाले तर पाणी वर पोचेपर्यंत निम्मे सांडते.

सत्ता टिकली असती तर काय टिकले असते, हा प्रश्न मला इथे विचारावासा वाटतो; कारण पाण्याच्या बाबतीत उत्तर कल्पनेत शोधावे लागत नाही, ते घडून गेले आहे. आरागॉनच्या पहिल्या जाउमेने १२३८ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकले आणि १२३९ मध्ये पाट लोकांच्या हवाली करताना आज्ञा केली की पाणी सरासिनांच्या, म्हणजे मुस्लिमांच्या, काळी चालत आले तसेच घ्यावे. राजा बदलला, पाळी बदलली नाही. तिथल्या तुरिया नदीवरच्या पाटांची पाणी-अदालत आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’त बसते. प्रत्येक पाटाचा प्रतिनिधी बागायतदारांनी निवडलेला असतो. तक्रारी ठरलेल्या: पाळी सोडून पाणी घेतले, दार उघडे ठेवून शेजाऱ्याचे शेत बुडवले, आपल्या वाट्याचा पाट उपसला नाही. सगळे तोंडी चालते, वकील नसतो, निकाल तिथल्या तिथे होतो, आणि ज्याच्यावर तक्रार आहे त्याच्या पाटाचा प्रतिनिधी निर्णयात बसत नाही. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाते, एकटे पाणी विकता येत नाही. नदीला पाणी कमी झाले की प्रत्येक पाटाचा वाटा त्याच प्रमाणात कमी होतो. २००९ मध्ये युनेस्कोने तिला मुर्सियाच्या अशाच पंचायतीबरोबर वारसा यादीत घेतले.

सिएरा नेवाडाच्या उतारावर याहून नाजूक काम आहे. वसंतात बर्फ वितळते तेव्हा शेताला पाण्याची घाई नसते. ते पाणी साधारण दोन हजार मीटर उंचीवरून मातीच्या कच्च्या पाटाने डोंगरकडेने आडवे नेतात आणि जिथे जमीन पाणी पिते अशा जागी सोडून देतात. ते आत मुरते आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, खालच्या झऱ्यांतून ऐन उन्हाळ्यात बाहेर येते. पाट कच्चा असणे हीच त्याची कळ आहे. गळती थांबवायची म्हणून तो सिमेंटचा केला की वाटेतली झाडे वाळतात आणि खालचे झरे आटतात. दरवर्षी पाणी सोडण्याआधी पाला, माती, दगड काढावे लागतात. एका ठिकाणी तुंबले तर पाणी काठ फोडून बाहेर पडते आणि उतारावरची माती घेऊन जाते. गावे ओस पडू लागली तसे असे अनेक पाट बुजले. अलीकडे ग्रानाडा विद्यापीठातल्या संशोधकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन काही पुन्हा वाहते केले आहेत.

म्हणजे १४९२ ने पाणी तोडले नाही. तोडले ते १५७० आणि १६०९ ने. अल्पुहारासच्या बंडानंतर १५७० च्या सुमारास ग्रानाडाच्या मोरिस्को कुटुंबांना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांना, उचलून कास्तीलभर विखुरले. १६०९ ते १६१४ या काळात साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख मोरिस्को हाकलले गेले. व्हॅलेन्सिया राज्याची जवळजवळ एक-तृतीयांश वस्ती गेली. आणि हे करणाऱ्यांना आपण काय करतो आहोत याची पूर्ण जाणीव होती. व्हॅलेन्सियाच्या २२ सप्टेंबर १६०९ च्या फर्मानात दर शंभर घरांमागे सहा घरे मागे ठेवण्याची तरतूद होती, ती घरे, उसाचे घाणे, धानाचे पीक आणि पाट सांभाळण्यासाठी आणि नव्याने येणाऱ्यांना काम दाखवण्यासाठी. तीही नीट अमलात आली नाही. गावेच्या गावे ओस पडली, गांदियाच्या भागातला ऊस खालावला. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यांत मोलाचा जर-तर इथेच आहे: राज्य गेले ते गेले, पण १४९१ च्या तहातली कलमे, म्हणजे धर्म, मशिदी, मालमत्ता आणि आपला कायदा राखण्याची हमी, पाळली गेली असती तर? ती दहा वर्षेही पाळली गेली नाही. १४९९ मध्ये सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले आणि १५०२ मध्ये कास्तीलभर धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. ज्यूंना तर ३१ मार्च १४९२ च्या फर्मानानेच घालवले होते.

भंडारा-गोंदियाच्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. पूर्व विदर्भातले आपले सहा हजारांवर मामा (माजी मालगुजारी) तलाव गोंड राजवटीपासून उभे राहिले आणि कोहळी समाजाने पाळ (मातीचा बांध) घालण्याची, तुडूमातून (तलावाच्या पाणी सोडायच्या दारातून) पाणी बांध्यांना देण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. गोंड गेले, भोसले आले, १८५३ नंतर इंग्रज आले. पाणी चालू राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, आणि ती संपायलाच हवी होती. मात्र तलाव सरकारकडे गेले तेव्हा कुणी कधी तुडूम उघडायचे आणि तलावाच्या पाळीवर माती कुणी टाकायची ही गावची व्यवस्था कुणाकडेच गेली नाही. तलावांत गाळ आणि बेशरमाची झुडपे वाढली ती त्यानंतर. मुलांना अल-अंदलूस समजावायचे असेल तर नवेगावच्या बांधावर उभे करून समजावता येईल.

दुसरी दुरुस्ती ग्रानाडाच्या समाजाबद्दल. तिथल्या बाजारात तीन धर्म खांद्याला खांदा लावून चालताना लेखकाने दाखवले आहेत. दहाव्या शतकातल्या कॉर्डोबाला ते बरेचसे लागू पडेल. पंधराव्या शतकातल्या ग्रानाडात स्थानिक ख्रिस्ती वस्ती जवळपास नव्हतीच. ११२६ मध्ये अल्मोहादांच्या आधी सत्तेवर असलेल्या अल्मोराविदांनी अनेकांना मोरोक्कोत हद्दपार केले होते. १०६६ मध्ये याच शहरात ज्यूंची कत्तल झाली होती. अल्मोहादांच्या काळी ज्यू तत्त्वज्ञ मूसा इब्न मैमूनच्या कुटुंबाला कॉर्डोबा सोडावे लागले आणि ११९५ मध्ये तत्त्वज्ञ इब्न रश्दला हद्दपारी आली. सत्ता मुस्लिम होती म्हणून विद्या टिकली किंवा बुडाली असे सरधोपट लिहिता येत नाही. त्याच कॉर्डोबात खलिफा दुसऱ्या अल-हकमने जमवलेल्या ग्रंथसंग्रहातले तत्त्वज्ञानाचे ग्रंथ पुढे खलिफाच्या नावाने कारभार चालवणाऱ्या अल-मन्सूरने धर्मशास्त्र्यांना खूश करण्यासाठी जाळले.

याच अल-मन्सूरमुळे आणखी एक साल विचारात घेण्यासारखे आहे, १००९. त्याने स्थानिक फौज मोडून आफ्रिकेतून बर्बर पथके आणली. ती खलिफाशी नव्हे, पगार देणाऱ्याशी बांधलेली. त्याच्या धाकट्या मुलाने स्वतःला खलिफाचा वारस म्हणून जाहीर करून घेतले, कॉर्डोबात उठाव झाला, आणि १०३१ पर्यंत खिलाफतीची शकले झाली. सबंध द्वीपकल्पावर सत्ता टिकल्याची कल्पना करायची असेल तर हेच साल धरावे लागेल. १०८५ मध्ये टोलेडो पडल्यानंतर ते शक्य राहत नाही. पण मग टोलेडोत अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे करणारी मंडळी जमत नाहीत आणि युरोपच्या विद्यापीठांकडे ते ज्ञान सिसिलीमार्गे, उशिराने जाते. हा परिणाम लेखकाने उलटा लिहिला आहे.

वऱ्हाडातल्या मुलांना तुलनेसाठी दूर जायला नको. ग्रानाडा पडण्याच्या दोनच वर्षे आधी, १४९० मध्ये, फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने अचलपुरात स्वतंत्र इमादशाही सुरू केली. ती १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत बुडाली, पुढे मोगल आले, हैदराबादचा निजाम आला. एवढ्या शतकांत गावचा पाटील, कुळकर्णी, देशमुख आपापल्या वतनावर राहिले आणि रयतेचा धर्म बहुतांशी होता तोच राहिला. अल-अंदलूसमध्ये मात्र अकराव्या शतकापर्यंत बहुसंख्य लोक मुस्लिम झाले होते आणि त्यांची भाषा अरबी होती. एकाचा नकाशा दुसऱ्यावर ठेवून निष्कर्ष काढू नयेत.

शेवटी छायाचित्राबद्दल. लेखासोबत ‘अल्हाम्ब्रा’, म्हणजे ग्रानाडाचा राजवाडा-किल्ला, म्हणून छापलेले लाल-पांढऱ्या दुहेरी कमानींचे चित्र अल्हाम्ब्राचे नाही. ती कॉर्डोबाची मशीद आहे, ७८५-८६ च्या सुमारास बांधायला घेतलेली. अल्हाम्ब्रातला बारा सिंहांचा चौक पाचव्या मुहम्मदच्या काळातला, म्हणजे जवळपास सहाशे वर्षांनंतरचा. विद्यार्थी हेच चित्र वहीत चिकटवतील, तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी आणि जमल्यास सोबत १४७६ सालचा नकाशा द्यावा, ज्यात मालागा अजून ग्रानाडाकडे आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया